घमेलं वाहणारा बिशप

आमचे कंत्राटदार तुस्कानोसाहेब वसईचे, भलतेच भाविक. साइटवर कुणी पाणी प्यायला टेकला की सुरू, "आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडात संत ह्यू नावाचे बिशप होते. बिशप असून चर्चच्या बांधकामाचे दगड स्वतः वाहायचे. आणि तुम्ही?"

साहेबांना मात्र स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा गाडीतून कुणीतरी आणून द्यावी लागते.

यंदा त्यांनी त्या बिशपची लाकडी मूर्ती मागवली, इथल्या आखातातल्या अल नहदा भागातल्या फ्लॅटवर. वॉचमननं ती लिफ्टमध्ये घेऊ दिली नाही. झालं, आमची रविवारची सुट्टी खलास! मी आणि नीलेशनं मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातून येऊन मूर्ती सात मजले चढवली. साहेब लिफ्टनं आधीच वर पोचून "यल्ला, यल्ला, चला लवकर" ओरडत उभे.

प्रार्थना झाली. मूर्तीच्या खांद्यावर दगडांनी भरलेलं घमेलं कोरलेलं होतं. फोटोच्या वेळी साहेबांच्या मॅडमनी नाक मुरडलं.

"ई, हे घमेलं कशाला दिसायला हवं? झाका ते."

साहेबांनी त्याच्यावर फुलांचे हार रचले. मग मॅडम आमच्याकडे वळल्या. "तुम्ही दोघं जरा बाहेर व्हा."

तो फोटो साहेबांनी साइटच्या ग्रुपवर टाकला. त्यात घमेलं उचलणारा एकही माणूस नाही. बिशपसुद्धा नाही.