पुलापाशीचा खोकला

माझा नवरा मतयाकूब पंचेचाळीस वर्षं सायकल चालवतोय. तो मिराब आहे, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते ठरवणारा. रोज सकाळी आठ कोस जायचं, पाणी अडवणाऱ्या फळ्या उचलायच्या, भांडणं मिटवायची आणि परत यायचं. फेब्रुवारीत जमिनीतला खार धुवायला सगळ्यांना एकदमच पाणी हवं असतं, तेव्हा तर त्याला मरायलाही सवड नसते.

यंदा जानेवारीत त्याला ताप आला. ताप पाच दिवसांत उतरला. खोकला राहिला, असं तो म्हणायचा. मी मुळा कोरून त्यात मध भरून दिला, दुंब्या मेंढ्याची चरबी छातीला चोळली. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. हा माणूस घरात खोकतच नव्हता. शेगडीपाशी बसला की गप्प, झोपला की पोरासारखा गाढ.

हे मनात घोळत होतं तोवर शेजारची अनाबीबी पीठ चाळायची चाळण मागायला आली. तिच्या घरी तीन चाळण्या आहेत.

"आपा, मिराबांचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे. का?"

"नाही, सहज. पुलापाशी सनोबरच्या दाराशी रोज खोकतात म्हणे. आणि ती दार उघडते म्हणे."

चाळण माझ्या हातातच राहिली. आमच्याकडे पुरुष कुणाच्या दारी गेला की आधी खोकतो. आतल्या बायका डोक्यावर रुमाल घेतात, मग एक जण बाहेर येते. दाराशी खोकला म्हणजे हाक मारली. सनोबरचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. बाई चाळिशीची, दिसायला नीटनेटकी. तिच्या दाराशी हाक मारायचं माझ्या नवऱ्याला काय काम?

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

"सगळेच म्हणतात. मी कशाला म्हणू?"

संध्याकाळी तो आला. मिशीला काहीतरी चिकट लागलं होतं. मी बोटाने काढून पाहिलं, वास घेतला. बिहीदाणा! खोकल्यावर उकळून देतात त्या बिया. आमच्या अंगणात जर्दाळू आहे, तुती आहे. बिहीचं झाड नाही.

"हे कुठलं?"

"काय?"

"मिशीतलं."

"चहा असेल."

"चहा कधीपासून बुळबुळीत व्हायला लागला?" तो बाहीने मिशी पुसायला लागला. "बरं, खोका बघू."

"आत्ता?"

"हो, आत्ता. दीड महिना खोकला आहे ना? खोका."

त्याने खोकून दाखवलं. बकरी शिंकावी तसं काहीतरी केलं. आमची सून इंतिजार चुलीपाशी तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मी तिला म्हटलं, "तू हस. तुझा नवरा शहरात आहे, तुझी पाळी येईल तेव्हा मी हसेन." तिचं हसू तिथेच थांबलं. नंतर मला वाईट वाटलं, पण मी तसं सांगितलं नाही.

पंचेचाळीस वर्षांत मी या माणसाचा एकदाही पाठलाग केला नव्हता. दुसऱ्या दिवशीही केला नाही. त्याच्याआधीच निघाले आणि सनोबरच्या घरी जाऊन बसले.

तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "आपा, या ना. एवढ्या सकाळी?"

"का, माझ्या येण्याने कुणाची अडचण होणार आहे का?"

शेगडीवर भांडं होतं, त्यात बिहीदाणा उकळत होता. लपवायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती बाईने. मी भांड्याकडे बघितलं, तिनेही बघितलं. भाकरी पुढे केली, ती मी मोडली नाही.

थोड्या वेळाने बाहेर खोकला ऐकू आला. सनोबर उठली, रुमाल पुढे ओढला, पेला घेतला. मी तिचं मनगट धरलं. "बस. मी उघडते."

दार उघडलं. आता पुढच्याला काय काय ऐकवायचं ते सगळं जिभेवर तयार होतं. पण तो दाराकडे बघतच नव्हता. आमचा मुलूख परातीसारखा सपाट, त्यात चढ म्हणून काय तो कालव्यावरचा पूल. तो चढ चढून खाली येईपर्यंत त्याचा दम गेला होता. सायकलच्या दांडीवर पोट टेकून तो वाकला होता, एका हाताने बरगड्या धरल्या होत्या. खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी, ओठ जांभळे. गार वारा खारट धूळ घेऊन सरळ तोंडावर येत होता. हाक मारणारा माणूस असा वाकत नाही.

मी त्याची पाठ चोळायला लागले. दम परत आल्यावर त्याने वर पाहिलं.

"तू? इथे?"

"हो, मी. घरात का सांगितलं नाहीस?" रागावले की मी त्याला अरेतुरे करते.

"सांगितलं होतं की, खोकला आहे. तूच म्हणालीस, खोकून दाखव." मग हळूच म्हणाला, "तू सायकल विकली असतीस. आणि खार धुवायचे दिवस आहेत. मी घरी बसलो तर वरचे लोक खालच्यांना थेंब देणार नाहीत."

सनोबर पेला घेऊन मागे उभी होती. मी तिच्यावरच उलटले. "तुला दिसत होतं, तर मला निरोप का नाही धाडलास?"

"माझ्या घरून तुमच्या नवऱ्याचा निरोप आला असता, तर तुम्ही काय समजला असता, आपा?"

मी तिच्या हातातला पेला घेऊन त्याच्या ओठांना लावला.

"आमचेही असेच," ती म्हणाली. "घरात काही नाही, सायकलवर बसले की खोकला. सगळे म्हणायचे, कामाचा कंटाळा. मीही म्हणायचे. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता."

त्याच दिवशी मी त्याला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. मुलगी माझ्या नातीएवढी. तिने छातीचा फोटो काढवला, एका नळीत फुंकायला लावलं, मग तोंडात औषधाचा फवारा मारून पुन्हा फुंकायला लावलं. तोवर मी भिंतीला पाठ लावून उभी होते. बसा म्हणाली, तरी बसले नाही.

"क्षय नाही," ती म्हणाली. "तापाने श्वासाच्या नळ्या हुळहुळ्या झाल्यात. घरात ऊब असते म्हणून त्रास नाही. गार कोरडी हवा जोरात आत गेली की त्या आवळतात. निघण्याच्या पाव तास आधी हा फवारा घ्या. नाकातोंडावर लोकरी रुमाल बांधा. सुरुवातीला सावकाश चालवा, पुलावर उतरून चाला. महिन्याने दाखवा. त्याआधी दम लागला तर लगेच या."

"आणि सायकल?"

"सायकल चालू राहू दे."

याने हिला आधीच पढवून ठेवलंय की काय, अशी शंका मला आली. मी तो फोटो मागून घेतला आणि खिडकीपाशी धरून स्वतः पाहिला. बरगड्या दिसल्या. बाकी काही कळलं नाही, पण पाहिला.

तीन आठवड्यांत तो पूल न थांबता चढायला लागला. बाई म्हणाली होती उतरून चाल, पण ऐकतोय कोण? सनोबरचं दार बंदच राहिलं, आणि गावाचं तोंड मात्र उघडंच. आम्हा बायकांची दर महिन्याला एकीच्या घरी बैठक असते, मार्चमधली माझ्या घरी होती. मी सनोबरला बोलावलं. ती दारातल्या चपलांजवळ बसली. सगळ्यांच्या माना एकदा तिच्याकडे वळल्या आणि एकदा माझ्याकडे.

मी चहा ओतायची थांबले. "ऐका. मतयाकूबचा खोकला खरा होता. ही त्याला औषध देत होती. मी संशय घेतला. मी चुकले."

अनाबीबीने पेला खाली ठेवला.

"आपा, तुम्हाला सून करून आणलं त्या दिवसापासून मी ओळखते. 'मी चुकले' असं तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. म्हणून तर आता मला खरोखरच संशय येतोय."

सगळ्या हसल्या. काही मोकळ्या हसल्या, काही तोंडावर हात ठेवून. सनोबर उठायला लागली.

"येऊ दे तुला संशय," मी अनाबीबीला म्हटलं. "पण जरा सरकून बस. तिकडे दाराशी हिला वारा लागतोय."

आणि सनोबरचा हात धरून तिला आणलं, आणि आम्हा दोघींच्या मध्ये बसवलं. जागा नव्हती. अनाबीबीला चांगलंच सरकावं लागलं.