डावखुरा जोड

“इथे खणा,” साहेब म्हणाले, आणि मी तोंड मिटून उभा राहिलो.

यंत्राच्या पडद्यावर आकडा होता चारशे बारा. तेवढे मीटर मोजून फुटपाथवर खडूची फुलीही मारून झाली होती. केबलमधला बिघाड, आमच्या भाषेत फॉल्ट, तिथे नाही, हे मला ठाऊक होतं. तो पुढे शंभर मीटरवर, चपलांच्या दुकानासमोर कुठेतरी होता. मी एक वाक्य बोललो असतो तर तासाभरात काम उरकलं असतं. पण ते वाक्य मी बारा वर्षं सांभाळून ठेवलं होतं. ते काय असं फुकट वाटून टाकायला?

मी केबल जोडणारा. म्हणजे होतो. गेली बारा वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतो. आज दोघे जोडणारे रजेवर आणि तिसऱ्याचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून माझी आठवण झाली. त्यातून मुख्य कचेरीतून एक बाई आमच्या साहेबांचं काम बघायला आलेल्या. त्यांनी मान डोलावली की साहेबांची बढती पक्की.

“गळक्या, हत्यारं आणलीस ना?” साहेबांनी विचारलं.

गळका हे माझं नाव नव्हे, पण आता तेच झालंय. कचेरीचा पहारेकरी म्हणतो, शेजारी म्हणतात, आमच्या घरचा नळ थेंब थेंब ठिबकायला लागला तेव्हा मेव्हणासुद्धा म्हणाला, “भावजी, नळही तुम्हीच जोडला होता का?” सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

बारा वर्षांपूर्वी पुलाजवळची केबल बंद पडली. साहेबांनी हेच यंत्र लावलं आणि बोट दाखवलं ते नेमकं माझ्या जोडावर. मी सांगत होतो, जोड कोरडा आहे. त्यांनी करवत चालवून त्याचे दोन तुकडे केले, आणि आत पाण्याचा थेंब नसताना अहवालात लिहिलं, ‘सदोष जोड, ओल शिरल्याची शक्यता’. आमच्यात रीत आहे, जोड बंद करण्याआधी आत शिशाचा नखाएवढा बिल्ला ठेवायचा, त्यावर आपली खूण. उद्या जोड बिघडला तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. माझा तो बिल्ला साहेबांनी पुरावा म्हणून अहवालाला टाचला. ते मी विसरलेलो नाही.

मग ती सगळी केबलच बदलली आणि जुनी गुंडाळून आली स्टोअरमध्ये, माझ्याच ताब्यात. मी एकट्याने ती उलगडली. माझ्या जोडापुढे ऐंशी मीटरवर पहारेचा घाव होता, आतल्या तारेपर्यंत गेलेला. वीतभर तुकडा कापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वर न बघताच म्हटलं, “गुंडाळताना लागलं असेल.”

यंत्र चुकलं कसं, ते मी माहितीपुस्तक वाचून शोधून काढलं. स्टोअरमध्ये वेळ काय, भरपूर. यंत्र केबलमध्ये विजेचा एक ठोका सोडतं. केबल धड असेल आणि टोकाला योग्य भार लावलेला असेल तर ठोका तिकडेच जिरतो. मध्येच कुठे केबल चेपली, तुटली, पाणी शिरलं, की विहिरीत मारलेल्या हाकेसारखा तो उलटा येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर सांगतं. पण ठोका सगळ्याच केबलमधून सारखा पळत नाही. आत घट्ट प्लास्टिक भरलेल्या केबलमध्ये त्याचा वेग प्रकाशाच्या शंभरात सहासष्ट, फोमच्या केबलमध्ये ब्याऐंशी. यंत्राला आधी सांगावं लागतं, बाबा रे, आज गाठ कुणाशी आहे. शहरात बहुतेक केबल घट्ट प्लास्टिकची, म्हणून साहेबांचं यंत्र कायम सहासष्टवर. पुलाजवळची फोमची होती. आजचीही फोमचीच.

म्हणून मी गप्प होतो, आणि मनात उकळ्या फुटत होत्या. खणू दे. बाईंच्या देखत खणू दे. तो वीतभर तुकडा माझ्या पिशवीत होता.

अडीच हात खणल्यावर जोड लागला.

“बघा,” साहेब बाईंना म्हणाले, “जोडच. माझा अंदाज सहसा चुकत नाही.”

मी खड्ड्यात उतरलो, माती पुसली आणि हात तिथेच थांबला. जोडावर चढवलेली शिशाची बाही, म्हणजे वरचं वेष्टन, गुळगुळीत होती, आणि कापडाने शिसं घोटल्याच्या रेघा उजवीकडून डावीकडे चढत गेलेल्या. असा उलटा हात आमच्या खात्यात एकाच माणसाचा होता. माझे सासरे डावखुरे.

त्यांना मी मामा म्हणतो. हे काम त्यांनीच मला शिकवलं, मुलगी नंतर दिली. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, डोळे गेलेत, आमच्याकडेच असतात. माझं ते प्रकरण झालं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “शिरतं रे कधीकधी पाणी.” शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्यांची जोडणीची सुरी त्यांच्या खाटेवरच्या खिळ्याला टांगलेली असते. निवृत्तीच्या दिवशीच ‘ही पुढे तुझी’ म्हणाले होते. त्या अहवालानंतर त्यांनी सुरीचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

“थांबलास का? काप,” साहेब म्हणाले.

अजून बोलता आलं असतं. हा कोरडा असणार, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. वर बघितलं. साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते, अगदी पुलाजवळ उभे होते तसे. आत्ता सांगितलं असतं तर त्यांनी ‘हो, हो, आकडा बदलायचा राहिला’ म्हणून हसून वेळ मारून नेली असती. मला त्यांचा चेहरा उतरलेला बघायचा होता. मी करवत घेतली आणि कापला.

आत ठणठणीत कोरडं. तांबं काल जोडल्यासारखं लखलखत होतं. तळाशी शिशाचा बिल्ला, त्यावर तीन खाचा.

“ओल दिसते का?” बाईंनी वाकून विचारलं.

“नाही बाई. फॉल्ट इथे नाहीच. पाचशे बारा मीटरवर आहे, त्या चपलांच्या दुकानासमोर.”

“तुम्हाला कसं कळलं?”

मग मी सांगितलं. सगळं, सावकाश, एकेक आकडा. बाईंनी स्वतः यंत्र ब्याऐंशीवर नेलं. पडद्यावर आलं पाचशे बारा. तिथे खणलं तर कुणीतरी खांब रोवताना केबल चेपलेली. मी तो वीतभर तुकडा काढून यंत्राच्या झाकणावर ठेवला. “साहेब, ओळखलंत का? हा पुलाजवळचा. गुंडाळताना लागलेला.”

साहेबांनी कमरेवरचे हात खाली घेतले. बाईंनी वही उघडली. “गेल्या किती वर्षांच्या चाचण्या या सहासष्टवर झाल्यात?” त्या क्षणाच्या चवीबद्दल मी खोटं सांगणार नाही. गोड होती. चांगली गोड होती.

दोन्ही ठिकाणचे जोड मीच केले. दोन्हीत माझा बिल्ला घातला. मामांचा बिल्ला खिशात टाकला.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बायको दारातच म्हणाली, “आज स्वारी खुशीत?” आतून मामांचा रोजचा प्रश्न आला, “काय रे, आज कुठे खणलंत?” मी स्टोअरमध्ये असलो तरी खात्याने कुठे खणलं ते त्यांना रोज सांगतो. डोळे गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस या प्रश्नाकडे डोळे लावून असतो, असं बायको थट्टेने म्हणते आणि तेही हसतात.

मी खाटेवर बसून तिखटमीठ लावून सांगितलं. मामांनी मांडीवर थाप मारली. “अजून सहासष्टवरच? गाढव लेकाचा!” मग हळू म्हणाले, “म्हणजे तुझा पुलाजवळचा जोड कोरडाच होता.”

“कोरडाच होता, मामा.”

“मी उगीच...” ते बोलायचे थांबले. या एका वाक्यासाठी मी बारा वर्षं काढली होती.

“आणि आज कापलात तो कुणाचा?” त्यांनी विचारलं.

बायको दारात उभी होती. मी बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांचा अंगठा खाचांवरून एकदा फिरला, परत एकदा फिरला.

“साहेबाने कापला?”

“कापायला त्यांनी सांगितलं. कापला मी.”

“आधी कळलं नव्हतं?”

“वरूनच ओळखला होता. उलट्या हातावरून.”

“कोरडा असणार, तेही ठाऊक होतं?”

“होतं.”

बायको आत निघून गेली. मामांनी बिल्ला मुठीत मिटला. मग त्यांनी दुसरा हात वर करून चाचपडत खिळा शोधला, सुरी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“घे. तुला जोड येतो. मीच चुकलो होतो.”

मी सुरी घेतली. मूठ डाव्या हाताच्या पकडीने झिजलेली. माझ्या उजव्या हातात ती नीट बसेना.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या सहीचा कागद आला, मला पुन्हा जोडणीवर घेतल्याचा. पहारेकरी फाटकातून ओरडला, “गळके, पेढे कधी?” त्याला सवयच आहे, त्याच्यावर काय रागवायचं. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले आणि आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. मामा जागे होते. माझी पावलं त्यांना लांबूनच ओळखू येतात, पण रोजचा प्रश्न आला नाही.

“मामा, आज बाजारात खणलं,” मी म्हणालो.

“असं,” ते म्हणाले, आणि हात लांब करून त्यांनी रेडिओ लावला.