वन्सं निघाल्या

वाचून झालेलं सोळावं पान तिने बोटांतून अलगद सोडलं. ते आवाज न करता गालिच्यावर उतरलं. मायक्रोफोनपुढे कागद उलटायचा नाही, सोडून द्यायचा, हे तिला अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. हातात आता एकच पान उरलं होतं.

"दादा, या घरातून माझं अन्नपाणी उठलं," तिने वाचलं. "मी निघाले."

समोरच्या खुर्च्यांवरची दीडशे माणसं हसली. दर आठवड्याला या वाक्याला हसायचीच. रेडिओवरच्या या मालिकेत ती भावाच्या घरी राहणारी नणंद होती. प्रत्येक भागाच्या शेवटी ती भावजयीशी भांडून घर सोडायची, दार आपटायचं, आणि हसू ओसरता ओसरता दार पुन्हा उघडून वन्सं परत यायच्या. कधी चष्मा राहिला म्हणून, कधी बाहेर कुत्रं बसलंय म्हणून. वाण्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला वन्संच म्हणत. तिची सख्खी बहीण गेली तेव्हा रडताना तिचा आवाज चढला आणि मागे उभं असलेलं कोणीतरी फिसकन हसलं. त्या माणसावर तिला रागावताही आलं नव्हतं. आवाज तोच होता ना.

आज मात्र वन्सं परत येणार नव्हत्या. मालिका लिहिणाऱ्या मास्तरांना हे पटवायला तिला तीन महिने लागले होते.

"अहो, आपलं घर बदलत नसतं," मास्तर म्हणाले होते. "अर्धा तास हवा तो गोंधळ घाला, शेवटी सगळं जागच्या जागी. ज्याचा एक भाग हुकला, त्याला पुढचा कळला पाहिजे. त्यावर तर आपलं दुकान चालतंय."

"मास्तर, पन्नाशी आली माझी. असं काम मला पुन्हा कोणी नाही विचारणार."

एका नव्या नाटकात तिच्यासाठी आईची भूमिका होती. हसण्याची एकही जागा नसलेली. पण दिग्दर्शकाने अट घातली होती. "तुम्ही तोंड उघडलंत की लोक हसतात, बाई. एकदा, फक्त एकदा, तुमच्यासाठी ते गप्प झालेले मला ऐकू द्या. मग सोमवारी तालमीला या." तो आज तिसऱ्या रांगेत बसला होता, मांडीवर टोपी ठेवून.

ती मायक्रोफोनपासून तीन पावलं मागे सरकली. दारं-पावलं वाजवणाऱ्या आवाजवाल्याने चाकांवरच्या चौकटीतलं छोटं दार लावलं. आपटलं नाही. मास्तरांनी तसंच लिहिलं होतं: दार हळूच लागतं, दहा सेकंद शांतता, मग दादाचा एक शब्द, "गेली." संपलं.

दार हळू लागलेलं पाहून लोकांना वाटलं, आज काहीतरी नवीन खोडी आहे. ते आणखी हसले.

तिला हसू मोजता यायचं. आधी ते चढतं, क्षणभर वर थांबतं, मग उतरायला लागतं. एक तृतीयांश उरलं की बोलायचं. त्याआधी बोललं तर शब्द बुडतात, त्यानंतर बोललं तर सभागृह गार पडलेलं असतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षांत ते अंगात मुरलं होतं. आज मोजायचं काहीच कारण नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

हसू निम्म्यावर आलं. आणखी उतरलं. आणि तिचा उजवा पाय पुढे पडला.

आवाजवाला या वेळी कधीच कागदाकडे बघत नसे, तिच्या पायाकडे बघे. त्याने दार उघडलं.

कडी वाजली तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण कार्यक्रम थेट चालला होता, आता ते दार घरोघरी उघडलं होतं. काचेपलीकडून रेडिओ केंद्राच्या साहेबांनी घड्याळ धरलेला हात उंचावला: तीस सेकंद उरले.

दादा झालेला नट तिच्याकडे बघत होता. मग मायक्रोफोनशी वाकून, कागदावर नसलेलं वाक्य तो शांतपणे बोलला.

"वाऱ्याने उघडलं वाटतं."

तिला जाऊ देण्यासाठी त्याने केवढी मोठी वाट काढून दिली होती. पण सभागृह कोसळलं. लोक खुर्च्यांचे हात बडवायला लागले. दारामागे वन्सं उभ्या आहेत हे त्यांना दिसतच होतं. आता ती आली नसती, तर तीस सेकंद लोक हसतच राहिले असते, तिच्या न येण्याला.

ती मायक्रोफोनपाशी गेली. नाटकासाठी महिनाभर आरशापुढे घोटलेला स्वतःचा खालचा आवाज तिने लावला.

"काही विसरले नाही," ती म्हणाली. "तशीच आले."

अकरा सेकंद. एवढं हसू या मालिकेला कधीच मिळालं नव्हतं, साहेबांनी नंतर वहीत बघून सांगितलं. तिसऱ्या रांगेतला दिग्दर्शकही हसत होता. चष्मा काढून त्याने डोळे पुसले. चष्मा पुन्हा लावताना त्याची तिच्याशी नजरानजर झाली, आणि तो मांडीवरच्या टोपीकडे बघू लागला.

लाल दिवा विझल्यावर आवाजवाला धावत आला. "माझा हातच मेला—"

"तुझा हात नाही रे. माझा पाय."

मास्तर गालिच्यावरची पानं गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही. दिग्दर्शकाची खुर्ची रिकामी होती.

बाहेर व्हरांड्यात एका बाईने तिला गाठलं आणि तिचे दोन्ही हात धरले. बाईचे डोळे ओले होते.

"वन्सं, किती घाबरवलंत हो! दार हळू लागलं ना, तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठलेच. सगळे हसतायत, आणि मला आपलं रडू फुटतंय. म्हटलं, आपटलं असतं तर परत आल्या असत्या. आज काही खरं नाही."

ही हसली नव्हती. दीडशेत एक.

"खरंच गेला असतात का हो?"

"हो," ती म्हणाली.

बाईने तिच्या दंडावर चापट मारली आणि पोट धरून हसत सुटली.