लोकांची भांडी परत करायची राहिली

आमच्या गावात कुणी वारलं की शेजारीपाजारी हॉटडिश करून आणतात. खिमा, मशरूमचं दाट सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर, सगळं काचेच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजलेलं. आत जाऊन कुणाला अवघडवायचं नाही, म्हणून भांडं दारात ठेवायचं, बेल वाजवायची आणि गाडीत बसून पळ काढायचा. माझा धाकटा भाऊ आर्डेन काही वारला नव्हता. धडधाकट होता, माझ्याशी भांडतही होता. तरी या हिवाळ्यात त्याच्या दारात भांड्यांवर भांडी येत होती.

"मी मेलोय का गं, डोरीन?" त्याने फोनवर विचारलं.

"वागतोस तर तसाच," मी म्हटलं. गोड बोलणं आमच्या घराण्यात नाहीच.

आर्डेन शाळेच्या आइस हॉकी, म्हणजे बर्फावरच्या हॉकी संघाचा कोच. म्हणजे होता. गेल्या वसंतात शाळेने त्याचा सत्कार केला, भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावली आणि त्याच्या जागी एक तरणाबांड पोरगा आणला. सभ्य भाषेत याला निवृत्ती म्हणतात. संघ अलीकडे सारखा हरत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या मिनेसोटात काढतच नाहीत. आर्डेनने लग्न केलं नाही, हॉकीतून सवड मिळेल तर ना! केस कापणाऱ्यापासून चर्चच्या पाद्रीबाईपर्यंत जो तो त्याला कोच म्हणायचा, आणि त्यालाही ते आवडायचं, उगाच कशाला खोटं बोलू?

नोव्हेंबरात नवा हंगाम सुरू झाला आणि या माणसाने दार लावून घेतलं. केस कापायला जाईना, चर्चला येईना, ऑर्व्हिलकडे दर शुक्रवारी पत्ते कुटायला जायचा तेही बंद. आणि जानेवारीत एक दिवस मला म्हणतो, घर विकतोय, ॲरिझोनाला जातोय. सोमवारी घरं विकणारी एक बाई येऊन अंगणात 'विकणे आहे'ची पाटी ठोकणार.

"तिकडे तुझं कोण आहे?"

"कुणी नाही. तेच बरं आहे. इथे मी आता कोण आहे, डोरीन? दुकानात भेटलो की लोक बिचारा कोच म्हणून बघतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात. मी कुणाच्या कामाचा राहिलो नाही."

माझा नवरा गेलेला, मुलगी दूर ओरेगॉनला, हाकेच्या अंतरावर म्हणावं असं माझं माणूस हा एकच. ते सांगायचं सोडून मी म्हटलं, "तुला ऊन सोसत नाही, गाढवा."

"सोसेल."

"मग जा बाबा. पण लोकांची भांडी घेऊन गाव सोडायचं नाही. आई थडग्यातून उठून कान उपटेल तुझा."

आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव असतं, आणि ज्याचं त्याला ते धुऊन, स्वतः नेऊन द्यावं लागतं. बँक लुटलीत तर गाव एकवेळ माफ करील, भांडं ठेवून घेतलंत तर नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी काढली. वार मी मुद्दामच निवडला होता.

आधी लव्हॉनकडे. तिचा मुलगा एके काळी आर्डेनचा गोलरक्षक होता. "कोच! या ना, या!" ती धावत दारात आली. "मी आमच्या कर्टला नेहमी सांगते, कोच नसते तर तू वाया गेला असतास. त्या पाटीवर काय छान दिसतं हो तुमचं नाव! आणि हल्ली तुम्ही काय कर…" तिने जीभ चावली. तोंड लालेलाल. "थंडी काय पडलीये ना यंदा!"

गाडीत बसल्यावर आर्डेनने दार आपटून लावलं. "बघितलंस? तिच्या दारात मी माणूस नव्हतोच. जुना चषक होतो, पुसून फळीवर ठेवायचा."

लव्हॉन मनाने चांगली आहे, पण त्या क्षणी तिचं भांडं तिच्याच डोक्यात घालावंसं वाटलं मला. ही भांड्यांची अक्कल माझी, आणि तीच आता त्याला ॲरिझोनाला धाडणार अशी लक्षणं होती.

शेवटचं भांडं ऑर्व्हिलचं. ऑर्व्हिल जन्मभर विहिरी खोदत आला, बोलणंही तसंच, थेट खाली. त्याने दार उघडलं आणि भांड्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाला, "उशीर केलास, आर्डेन. बूट काढ."

"मी फक्त भांडं द्यायला आलोय."

"दिलंस. आता बस."

आत नेहमीचे दोन भिडू, मेव्हिस आणि तिचा दीर, पत्ते घेऊन बसले होते. चौथी खुर्ची रिकामी होती. आर्डेन टोपी हातात घेऊन उभाच. मग एकदम त्याचा बांध फुटला. "हे बघ ऑर्व्हिल, तुम्ही सगळे काय म्हणत असाल ते मला कळतं. शेवटचे हंगाम मी घालवले…"

"कसले हंगाम?"

"हॉकीचे."

"त्यांचं काय?"

"मला काढलं ना शाळेने!"

ऑर्व्हिल मेव्हिसकडे वळला. "याला काढलं?"

"अरे देवा, ऑर्व्हिल! वसंतातच. सत्कार झाला, तुला बोलावणं होतं."

"मी कशाला जातोय हॉकीला? थंडी असते तिथे."

आर्डेनचं तोंड उघडंच राहिलं. "तू एकही सामना बघितला नाहीस?"

"एकदा बघितला. कोण जिंकलं ते कळलं नाही."

"अरे, आम्ही सबंध राज्यात पहिले आलो होतो! गावातून मिरवणूक निघाली होती!"

"हो का? कधी?" ऑर्व्हिलने मनापासून विचारलं. "त्या दिवशी रस्ता बंद होता, तो तुमच्यामुळे? मला वाटलं, दुरुस्तीला काढलाय."

"मग हॉटडिश कशाला आणून ठेवलीस?"

"तू येत नव्हतास म्हणून. वाटलं आजारी असशील. चौथा भिडू नाही आमच्याकडे. डोरीन चालली असती, पण ती हरली की पत्ते फेकते."

"मी कधी फेकले?" मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"म्हणजे मी कोच आहे म्हणून तू मला बोलवायचास असं नाही?"

"तू कोण लागून गेलास रे!" ऑर्व्हिल आता चिडला. "खेळतोस तर दगड. पण हरलास तरी कटकट करत नाहीस. मेव्हिसच्या पांचट विनोदांना तू एकटाच हसतोस. आणि माझी बायको गेली तेव्हा महिनाभर रोज येऊन या खुर्चीत गप्प बसायचास. तेव्हा काय मला हॉकी शिकवत होतास? बस आता, कॉफी गार होतेय."

आर्डेन बसला आणि हसायला लागला. आधी नुसते खांदे हलत होते, मग डोळ्यांतून पाणी, मग टेबलावर डोकं टेकून हसणं. मेव्हिसचा दीर घाबरून पाणी घेऊन आला. कित्येक महिन्यांनी माझ्या भावाचं हसू माझ्या कानावर पडत होतं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मेव्हिसने पत्ते वाटले. तो हरला, पुन्हा हरला, मग इतका वाईट हरला की ऑर्व्हिलने कपाळाला हात लावला.

घरी येताना मी मुद्दाम गप्प होते, आणि मला ते फार जड जातं.

"उद्याच त्या बाईला फोन करतो," आर्डेन म्हणाला. "पाटी नको म्हणून सांगतो."

"कर," मी म्हटलं. पुढचा रस्ता मला धूसर दिसायला लागला, म्हणून गाडी जरा हळू घेतली.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, डोरीन. आणि त्याला वाटलं, रस्ता दुरुस्तीला काढलाय."

"ऑर्व्हिल आहे तो."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मी खरंच इतका वाईट खेळतो?"

"फारच."

त्याने मान मागे टेकली आणि पोटातून एक मोठा श्वास सोडला. "आणि तरी पुढच्या शुक्रवारी बोलावलंय," तो म्हणाला.