घेराला पुरेल इतका पट्टा

“हा नको. नायलॉन आहे, ओल लागली की सैलावतो.” एल्वाने रीळ बाजूला सारलं. “सकाळी झोळीत निजवलेला माणूस दुपारपर्यंत जमिनीला टेकायचा.”

“क्लेमच्या वजनाने? त्याला तर दोन चिमटे लावून दोरीवर वाळत घालता येईल,” ग्लेनिस हसत बोलून गेली, आणि लगेच तिने जीभ चावली. “माफ कर गं. माझं तोंड म्हणजे...”

“त्यालाच सांगते. बरेच दिवस नवा विनोद ऐकला नाहीये त्याने.”

दुकान ग्लेनिसचं होतं. तिथलं शिवणकाम मात्र पहिल्यापासून एल्वाचं. नदीकाठच्या त्या गावातली होड्यांवरची आच्छादनं, मेंढ्यांमागे जाणाऱ्यांच्या वळकट्या, लग्नाचे तंबू, सगळं तिच्या मशीनखालून सरकत गेलेलं. आपण शिवलेल्या कापडाखाली कोण निजलं, कोण भिजलं, याची चौकशी तिने कधी केली नव्हती. आज हातातला पट्टा तिच्या नवऱ्याला, क्लेमला, तोलणार आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्याने बोटं जड झाली होती.

तिने पॉलिएस्टरचं रीळ उतरवलं. चार बोटं रुंद, राखी, न ताणणारा पट्टा.

“रुंदच हवा. क्लेमने बजावलंय. झाडाला काचता कामा नये.”

ग्लेनिसची कात्री थबकली. “कुठल्या झाडाला? एल्वा, तो मर्व्हच्या वळणावर जायचं म्हणतोय का?”

एल्वा पट्टा उलगडत राहिली.

“रेडगमखाली आपल्याकडे कुत्रंसुद्धा निजत नाही गं!”

ते खरंच होतं. रेडगम, नदीकाठचा तो अजस्र निलगिरी, वादळात तग धरतो आणि वारा पडलेल्या, रखरखीत, निःशब्द दुपारी आपली एखादी फांदी सोडून देतो. कुठलीही सूचना न देता. म्हणून त्या गावची माणसं सहलीला गेली, की अंगणाएवढी थंडगार सावली शेजारी पसरलेली असताना उन्हात बसून जेवत. क्लेमचा थोरला भाऊ मर्व्ह याने मात्र तरुणपणी लाकूड कापायच्या गिरणीतला तारेचा दोर नेऊन नदीच्या वळणावरच्या दोन झाडांमध्ये झोळी बांधली होती. पान हलत नव्हतं अशा दुपारी फांदी त्याच्यावर आली. तार सालीत रुतली, झाडाला ते सोसलं नाही, असं लोक म्हणाले. माणूस घेतलेली फांदी तिथे करवतीखाली घालत नाहीत, जाळतही नाहीत. ती अजून तिथेच पडून होती.

“किती कापू?” ग्लेनिसने विचारलं.

“तीन मीटर. दोन तुकडे.”

“रेडगमच्या अर्ध्या कमरेलाही पुरायचे नाहीत हे.”

“माहीत आहे मला.”

दोघींची नजरानजर झाली. मग ग्लेनिसने कात्री चालवली.

क्लेम ओसरीवर ताठ बसून होता. आडवं झालं की त्याचा श्वास अडे. झोळीच्या वक्र पोटात अर्धवट उठून पडलं, तरच छाती थोडी मोकळी होई. नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. त्याने पट्टे हातात घेतले, घडी न उलगडता नुसते तोलले. जन्मभर लाकूड कापलेल्या हातांना तेवढं पुरे होतं.

“कुठल्या झाडासाठी आणलेस हे? गुलाबाच्या?”

“एवढेच होते दुकानात.”

“तू शिवतेस त्या दुकानात?”

“पलीकडच्या बारक्या झाडांना बांधू ना. नदी तिथूनही दिसते.”

“नदी बघायला कोण चाललंय?” तो थांबला, पुढचं वाक्य वर यायला वेळ लागला. “एल्वा, आयुष्यभर गिरणीत त्यांचा भुसा गिळला मी. अर्धं झाड माझ्या छातीत आहे. उरलेल्या अर्ध्याखाली एकदा नीट झोपू दे.”

“आणि फांदी आली तर?”

“मर्व्हला तिने फार वेळ ताटकळवलं नाही. ही छातीतली बघ, किती चैनीत येतेय.”

“हसू नकोस!” एल्वाचा आवाज चिरकला. “तू मोकळा होशील रे. मी? मी काय काय बाजूला करून तुला बाहेर काढू, ते सांग ना.”

त्याने पट्टे तिच्या मांडीवर ठेवले आणि त्या दिवशी पुन्हा तो विषय काढला नाही. त्याने भांडण केलं असतं तर ते तिला झेपलं असतं. त्याने मागणं सोडून दिलं होतं, आणि घरभर फक्त त्याचा श्वास उरला होता. ओल्या लाकडात करवत अडावी तसा.

सकाळी चहा देताना तिने विचारलं, “घेर किती असेल?”

त्याने डोळे न उघडता सांगितला. दोन्ही झाडांचा, वेगवेगळा.

दुकानात ग्लेनिसने घेराचा आकडा ऐकला. रीळ आणून मशीनशेजारी ठेवलं. एल्वाने टोकं दुमडून फासे शिवले, चौकोनात फुली घालून, मग त्यावर पुन्हा एकदा. सुई नेहमीसारखी खालीवर होत राहिली. पट्टा चांगला निघत होता, आणि याचं तिला भय वाटत होतं.

वळणावर पोचले तेव्हा वारा पडलेला होता. नदी वाहत असेल, पण तसं दिसत नव्हतं. पाण्यावरचा सालीचा एक तुकडा जिथल्या तिथे होता. पाखरं गप्प होती. मर्व्हची फांदी गवतात हाडासारखी पांढरी पडली होती, आणि तिच्याभोवती मात्र गवत उंच वाढलं होतं. एल्वाने घडीच्या दोन खुर्च्या रिवाजाप्रमाणे उन्हात मांडल्या, एकीवर क्लेमला बसवलं आणि झोळी नि पट्टे घेऊन ती एकटीच सावलीत शिरली. आत गारवा होता. कोणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खोलीत असतो तसा.

पहिल्या झाडाला पट्टा नीट बसला. दुसऱ्याला वीतभर कमी पडला.

“पुरत नाही!” ती ओरडली. त्या ओरडण्यातला आनंद तिचा तिलाच ऐकू आला.

“जाडलाय,” क्लेम उन्हातून म्हणाला. “मी तरुणपणीचा घेर सांगितला तुला. झाडं म्हातारी झाली तरी वाळत नाहीत, हे गिरणीवाल्यानेच विसरावं!” तो हसला, आणि खोकल्याने त्याला वाकवलं. “राहू दे, एल्वा. चल घरी.”

घरी. तिच्या हातून काहीही वाईट घडलं नव्हतं. झाडानेच नकार दिला होता. ती पट्टा सोडवायला बुंध्यामागे गेली आणि तिथे थांबली.

सालीने तारेचा दोर गिळला होता. सगळा नाही. खोडाच्या फुगवट्यातून त्याच्या टोकाचा एक लोखंडी डोळा, कडीसारखा, तेवढा बाहेर राहिला होता, बरोबर पट्टा जिथे संपत होता तिथे. बाहेरून तो गंजून तपकिरी झाला होता. आतली कड मात्र लख्ख होती, जणू त्यात काहीतरी अडकवलेलं होतं, आणि कालपरवापर्यंत झुलत होतं.

एल्वाने त्या कडेवरून बोट फिरवलं. क्लेमला तिथून हे दिसत नव्हतं. तिने बोलायचं नाही, घरी परतायला एवढंच पुरे होतं.

तिने खिशातला लोखंडी आकडा काढला, फाशात घातला, डोळ्यात अडकवला. मग दोन्ही पाय उचलून सगळा भार त्यावर टाकला. झाड हललं नाही.

“काय करतेयस तिकडे?”

“बसला,” ती म्हणाली. “ये.”

त्याला झोळीत निजवताना त्याचं अंग पिसासारखं वर आलं. पट्ट्यांनी किंचित करकर केली, मग ते शांत झाले. कापड त्याच्या पाठीशी वळलं, छाती वर उचलली गेली आणि कित्येक महिन्यांनी त्याचा श्वास कुठेही न अडता आत गेला. ओठांवरचं निळेपण उतरताना तिला दिसलं.

“तू उन्हात जा,” तो पुटपुटला. “जा गं.”

ती गेली. खुर्चीवर बसून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो झोपला होता. घोरत होता, तरुणपणी घोरायचा तसा, निर्लज्जपणे. तो आवाज सोडला तर वळणावर दुसरा आवाज नव्हता. मग वर, खूप वर, पान न हलता लाकूड एकदा कण्हलं. झोप मोडली नाही.

एल्वा उठली. हाक घशाशी आली होती. ती तिने आतच ठेवली. खुर्ची उचलून ती सावलीत शिरली, झोळीला गुडघे टेकतील इतक्या जवळ तिने ती मांडली आणि वर न पाहता बसली. पायाने तिने हलकाच झोका दिला. कापड गेलं, परत आलं, तिच्या गुडघ्यांना लागलं, पुन्हा गेलं.

समोर, उन्हात, क्लेमची खुर्ची तेवढी राहिली होती.