रिठदला आठ कधी वाजतात

आणीबाणी मार्चात उठली, पण तिचा वक्तशीरपणा रिठदला पोचायला सप्टेंबर उजाडला. तो आला लाकडी खोक्यात, कंपनीच्या जीपमधून, आणि नानाजी पाटलांच्या बारा एकरांच्या तुकड्यात, विहिरीजवळच्या टिनाच्या शेडमध्ये खिळ्यावर टांगला गेला.

ते हजेरीचं घड्याळ होतं. खाली एक फट. फटीत आपल्या नावाचं कार्ड सरकवायचं, दांडी दाबायची, की कार्डावर वेळ उमटायची. मुंबईच्या एका बियाणं कंपनीनं नानाजींच्या शेतात संकरित कपाशीचं बी तयार करायला घेतलं, त्याला हे तिसरं वर्ष. शेत नानाजींचं, विहीर नानाजींची, नाव कंपनीचं, नफा दोघांचा. कामाला चाळीस बाया होत्या, अर्ध्या बुद्धविहाराकडच्या वस्तीतल्या, अर्ध्या तांड्यावरच्या. त्यांचं त्या शेतात काय होतं म्हणाल, तर बोटं होती.

बोटांचं काम असं. कपाशीची जी कळी उद्या उमलणार, ती आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले केसर एका हिसक्यात सोलून काढायचे, मधला नाजूक तुरा शाबूत ठेवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या कपाशीचं फूल आणून त्या तुऱ्यावर फिरवायचं. दोन जातींचं लग्न इतक्या उघडपणे रिठदमध्ये फक्त याच शेतात लागायचं, आणि त्याला पाटलांची काहीएक हरकत नव्हती.

या लग्नांचा मुहूर्त काढायची ती वच्छला. चाळीस बायांची मुकादमीण, बुद्धविहाराकडच्या वस्तीतली, चौथी शिकलेली. पहिल्या वर्षी कंपनीच्या माणसानं तिला अर्ध्या दिवसात सगळं काम शिकवलं होतं. उरलेलं तिला फुलांनी शिकवलं, त्याला तीन हंगाम लागले. सकाळी ती नराचं, म्हणजे त्या दुसऱ्या जातीचं, फूल तोडायची आणि आपल्या अंगठ्याच्या नखावर घासायची. नखावर पिवळी पूड बसली की म्हणायची, “चाला.” नाही बसली, की चाळीस बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहायच्या. तिच्या हातचं फूल गळलं असं तीन वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतः कोणाला सांगत नसे. तिच्याऐवजी बाकीच्या एकोणचाळीस जणी सांगत.

घड्याळ लावायला अकोल्याचे साहेब आले होते. दर मंगळवारी यायचे. त्यांनी बायांना ओळीनं उभं केलं आणि सांगितलं, “आठ म्हणजे आठ. आठनंतर कार्ड पडलं की अर्धा दिवस गेला. आणि हा हंगाम घड्याळ नीट चाललं की मुकादमाची जागा बंद. घड्याळ हेच मुकादम. वच्छलाबाई बाकीच्यांसारख्या ओळीत लागतील.”

“सायेब, आभाळ असलं तं फूल उशिरा उघडते,” वच्छला म्हणाली. “आठाले थे वलं रायते. फिरोलं तरी काई उपेग नाई.”

“बाई, मुंबईतसुद्धा आभाळ येतं. ऑफिस आठलाच उघडतं.”

कळीला ऑफिस नसतं एवढं वच्छलाला माहीत होतं, पण साहेबाला ते माहीत नसेल असं तिला वाटलं नव्हतं.

जाताना साहेबांनी किल्ली हेमसिंगच्या हाती दिली. हेमसिंग तांड्यावरचा, शेताचा राखणदार, सरळ माणूस. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणारा. अशा माणसांपासून कंपन्यांनी सावध राहायला हवं, पण कंपन्यांना ते उशिरा कळतं. “रोज किल्ली द्यायची,” साहेब म्हणाले, “आणि बंद पडलं तर काटे बरोबर लावून चालू करायचं. काम सुरू होताना आठ वाजलेले पाहिजेत.”

घड्याळ रोज बंद पडायचं. मुंबईचं होतं, त्याला इथली हवा मानवली नसावी. दुसऱ्याच सकाळी हेमसिंग त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्यात पावणेतीन वाजले होते. आता बरोबर वेळ आणायची कुठून? वाशिमची एस.टी. कधी आठला यायची, कधी यायचीच नाही. नानाजींच्या मनगटावर घड्याळ होतं, पण ते लग्नात मिळालेलं, आणि लग्नाच्या आठवड्यातच बंद पडलेलं. ते शोभेला होतं. हेमसिंगनं खूप विचार केला आणि धुऱ्यावर वच्छलाकडे आला.

“वच्छलाबाई, सायेब म्हने, काम सुरू होते तवा आठ वाजते. मंग काम कवा सुरू होते?”

“मी सांगीन तवा.”

“मंग आठ बी तवाच,” हेमसिंग म्हणाला आणि निश्चिंत होऊन शेडकडे गेला.

वच्छला त्याला थांबवू शकली असती. तिनं नखाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि थांबवलं नाही. पुढं रोजचा शिरस्ता पडला. बाया धुऱ्यावर बसायच्या. वच्छला फूल नखावर घासायची आणि हाळी द्यायची, “हेमसिंगभाऊ, वाजव आठ.” हेमसिंग काटे आठवर आणायचा, किल्ली द्यायचा, आणि चाळीस कार्डं खटाखट फटीत जायची. निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं. त्यांनी आपापल्या कार्डावर खुणा केल्या होत्या. तांड्यावरच्या रामीबाईनं आपल्या ओढणीच्या काठाचा एक आरसा चिकटवला होता.

मंगळवारी ऊन असायचं, किंवा साहेबांची जीप उशिरा यायची, म्हणून यातलं काही त्यांच्या नजरेस पडलं नाही. तीन आठवडे कार्डं अकोल्याला गेली, तिथून मुंबईला. मुंबईत लोकांनी ती पुनःपुन्हा पाहिली. चाळीस बाया, रोज आठ, फार तर आठ वाजून तीन मिनिटं. एवढी शिस्त खुद्द मुंबईच्या ऑफिसात नव्हती. शिवाय बोंडंही कंपनीच्या बाकी सगळ्या प्लॉटांहून जास्त धरलेली. हा घड्याळाचा प्रताप म्हणून कंपनीनं आणखी वीस घड्याळं मागवली, आणि रिठद बघायला मोठे साहेब स्वतः निघाले.

ते आले गुरुवारी, पांढऱ्या ॲम्बेसेडरमधून, न कळवता. मागून अकोल्याचे साहेब, त्यांच्या मागून नानाजी. आभाळ खाली उतरलं होतं. मोठ्या साहेबांच्या मनगटावर वेळेबरोबर तारीखही दाखवणारं घड्याळ होतं. रिठदमधल्या पुष्कळ घरांतलं सगळं सामान एकत्र केलं तरी त्याची बरोबरी झाली नसती. त्या घड्याळात नऊ पस्तीस झाले होते. धुऱ्यावर चाळीस बाया बसल्या होत्या. कोणी तंबाखू मळत होती, कोणी सुनेची तक्रार सांगत होती.

वच्छलानं फूल नखावर घासलं. पूड बसली. तिनं मागं न बघता हाळी दिली, “हेमसिंगभाऊ, वाजव आठ.”

आणि मोठ्या साहेबांच्या डोळ्यांदेखत रिठदला आठ वाजले.

चाळीस कार्डं पडून झाली. मग अकोल्याचे साहेब हेमसिंगच्या अंगावर धावले. हेमसिंग हात जोडून सांगत होता की सायबानंच तसं सांगितलं होतं. ते खरंही होतं, म्हणून साहेबांचा राग जास्त वाढला.

“त्याले कायले बोलता?” वच्छला मधे आली. “त्यानं काटे फिरोले. आठ म्या वाजोले. रोज मीच वाजोतो.”

“ही फसवणूक आहे,” मोठे साहेब शांतपणे म्हणाले. मोठी माणसं अशी वाक्यं शांतपणे बोलतात.

“वच्छले, कोनापुढं बोलून राह्यली, कळते का तुले?” नानाजी म्हणाले. “सायेब, आजच हिले घरी पाठोतो. घड्याळ हाय ना आता.”

“पाठवा ना, नानाजी,” वच्छला म्हणाली. “पन एक डाव घड्याळाले मुकादमी करू द्या. तीन दिवस. पाच ओळी सायबाच्या घड्याळानं, पाच ओळी माह्या नखानं. दोरे येगयेगळे बांधू. बोंडं कोठी धरते थे पाहा, मंग मले पाठवा.”

मोठे साहेब हसले. त्यांना आकड्यांची भीती नव्हती. आकडे आजवर त्यांच्याच बाजूनं असत. “आणि घड्याळाच्या ओळींत तुमच्या बाया मुद्दाम वाईट काम करतील.”

“घड्याळाच्या ओळी मी करतो,” वच्छला म्हणाली. “माह्या हातानं. माह्या ओळी ही रामीबाई करीन. तिचं दुसरंच साल हाय.”

रामीबाईच्या हातातली तंबाखू खाली सांडली.

दोरे वाटले गेले. लाल घड्याळाचे, निळे नखाचे. निळा रंग वच्छलानं आपल्या बाजूला का घेतला, हे रिठदमध्ये कोणाला विचारावं लागलं नाही. मोठे साहेब वाशिमच्या डाक बंगल्यावर राहिले आणि तिन्ही दिवस सकाळी आठच्या आत शेतात हजर झाले.

पहिल्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आठला फूल उघडलेलं. घड्याळ आणि नख पाचदहा मिनिटांच्या अंतरानं चाललं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी नानाजी पारावर म्हणाले, “बाईचं नख आन् घड्याळ एकच हाय म्हना. मंग नखाले कायले पोसा?” हे वच्छलापर्यंत रात्रीच्या आत पोचलं. चांगल्या बातम्यांना रिठदमध्ये दोन दिवस लागत.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. मोठ्या साहेबांनी मनगट वर केलं, “आठ.” वच्छला लाल दोऱ्यांच्या ओळीत उतरली. नराचं फूल हातात घेतल्याबरोबर तिला कळलं, ते अजून मिटलेलं होतं, ओलं, गार. नखावर काहीच बसलं नाही.

रामीबाई धुऱ्यावरून हळूच म्हणाली, “वो बाई, नुसता हात फिरोल्यावानी करा ना. कायले जीव काढता? गळनारच हाय थे.”

“नाई. मी कामात खोट केली असं म्हनाची जागा मले ठेवाची नाई.”

आणि तिनं जीव ओतून काम केलं. शंभर कळ्या. एकेका तुऱ्यावर फूल दोनदा फिरवलं, तीनदा फिरवलं, नराच्या फुलाच्या पाकळ्या बोटांनी उबवून पाहिल्या. तीन वर्षांत एवढ्या निगुतीनं तिनं एकाही फुलाला हात लावला नव्हता. मोठे साहेब शेजारून बघत होते आणि त्यांना एवढं कळलं की ही बाई स्वतःच्याच विरुद्ध, लबाडी न करता लढते आहे. अशी माणसं त्यांच्या ऑफिसात फारशी नसावीत, कारण ते बराच वेळ बघत राहिले.

दहा वाजायच्या सुमारास वच्छलाच्या नखावर पिवळं बसलं. रामीबाई निळ्या दोऱ्यांच्या ओळीत उतरली, देवाचं नाव घेत, घाबरत, दर दहा फुलांमागं एकदा वच्छलाकडे बघत.

आठवड्यानं मोठे साहेब पुन्हा आले. पहिल्या दोन दिवसांच्या ओळी सारख्या होत्या, लालही आणि निळ्याही. तिसऱ्या दिवसाच्या ओळीत मोजायचं काम फार उरलंच नव्हतं. लाल दोरे झाडाखाली मातीत पडले होते, गळलेल्या कळ्यांसकट. शंभरात नऊ बोंडं धरली होती. रामीबाईच्या निळ्या दोऱ्यांत शंभरात एक्क्याऐंशी.

बाया हसायला लागल्या होत्या, पण वच्छला खाली बसून लाल दोरे वेचत होती हे पाहून गप्प झाल्या.

“तुम्ही जिंकलात, बाई,” मोठे साहेब म्हणाले. “मग वाईट कशाचं वाटतंय?”

“माह्या हातचं फूल कवा गळलं नव्हतं, सायेब. हे पयले.” ती उठली. दोरे तिनं ओच्यात टाकले. “आता बोला. मुकादम कोन?”

इथं कंपनीची अडचण झाली. वीस घड्याळं मागवून झाली होती, आणि मुंबईनं मागवलेली वस्तू चुकीची असू शकत नाही. मोठे साहेब आणि अकोल्याचे साहेब ॲम्बेसेडरमध्ये बसून तासभर बोलले. मग बाहेर येऊन म्हणाले की घड्याळ राहील, वच्छलाबाईही राहतील, अर्ध्या दिवसाची कपात राहणार नाही.

“कागदावर द्या,” वच्छला म्हणाली.

“मी शब्द दिलाय ना.”

“शब्द तुमचा हाय, तुमच्यासंगं मुंबईले जाईन. कागद इथिसा राहीन.”

नानाजींनी खाकरून आपण या बाईला फारसं ओळखत नसल्याचं सुचवलं. पण कागद निघाला, सही झाली, गोल शिक्का बसला. वच्छलानं तो बायांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला, तेव्हा पुन्हा वाचला: “रिठद येथील प्लॉटवर सकाळी आठ केव्हा वाजले, याचा निर्णय मुकादम श्रीमती वच्छला माणिकराव घेतील व तो कंपनीस मान्य राहील.”

“म्हंजे बाई, आता सूर्य बी तुमाले इचारून वर येईन,” रामीबाई म्हणाली.

“सूर्याले नाई सांगत. आपल्याले सांगतो. उद्या येळेवर या.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा ढग होते. मोठ्या साहेबांना वाशिमहून दुपारची आगगाडी धरायची होती, पण जाण्याआधी काम सुरू होताना बघायचं होतं, मुंबईला तसा अहवाल द्यायचा होता. साडेआठ झाले. नऊ झाले. ते दोनदा मनगटाकडे आणि एकदा गाडीच्या ड्रायव्हरकडे बघून वच्छलाजवळ आले.

“बाई, माझी गाडी चुकेल. आता सुरू करायचं का?”

वच्छलानं फूल तोडलं, अंगठ्याच्या नखावर घासलं आणि नख त्यांच्यासमोर धरलं. ते कोरं होतं.

“अजून नाई,” ती म्हणाली. “बसा.”

धुऱ्यावर चाळीस बायांनी सरकून जागा केली. मोठे साहेब पँट सावरत खाली बसले, त्यांच्या शेजारी अकोल्याचे साहेब, जरा लांब नानाजी. रामीबाईनं विचारलं, तंबाखू खाता का. मुंबईची सगळी कंपनी रिठदच्या मातीत बसून फूल उमलायची वाट बघायला लागली, आणि वच्छला त्यांच्याकडे पाठ करून ओळीतून पुढं गेली, दुसरं फूल बघायला.