सफरचंदाच्या खुंटावर नासपती

साऱ्या गल्लीच्या त्या वहिनी. आयुष्यात कशाची घाई केली नाही बाईंनी, आणि केली ती नेमकी या झाडाच्या बाबतीत! नवऱ्याने बी लावून वाढवलेली नासपती होती ती. नवरा गेला, पाठोपाठ झाडाचं खोडही आतून कुजलं, आणि धाकट्या दिराला त्याच जागी सुतारकामाची शेड वाढवायची होती.

"वहिनी, वादळात छपरावर पडेल ते. तोडू या की आता," तो म्हणायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण एकदा डोक्यात काही शिरलं की जेवताखाताही तेच.

"माझं कलम होऊ द्या भावजी, मग काय हवं ते करा."

बी लावून तशीच गोडी यायची नाही, हे रोपवाटिकेतल्या बाईने सांगितलंच होतं. या झाडाची काडी खुंटावर, म्हणजे दुसऱ्या मुळं धरलेल्या रोपावर बांधायला हवी. "पण खुंट नासपतीचाच हवा. माझ्याकडे पुढच्या हंगामात येतील, तोवर दम धरा."

दम धरतंय कोण! परसात सफरचंदाचं रोप होतंच. वहिनींना वाटलं, दोघं चुलत भावंडंच की, जमेल. रोप वरून छाटलं, मधोमध चीर दिली, काडी पाचरीसारखी तासून आत बसवली, सालीला साल भिडवून पट्टी आवळली. हात असा सफाईने चालला की दीरही तोंडात बोट घालून बघत राहिला.

आणि पालवी फुटली! वहिनी लहान मुलीसारख्या हरखल्या. "धरलं हो भावजी! तोडा आता ते जुनं." त्याने दुसऱ्याच दिवशी झाड आडवं केलं, फांद्या जाळल्या, बुंधा उपटून वर फरशी घातली. वहिनींनी स्वतः चहा करून दिला त्याला.

पुढच्या वर्षी भर उन्हाळ्यात पानं लाल पडली, शेंडा वाळत गेला. एका सकाळी साध्या वाऱ्याने काडी सांध्यावरच मोडली, अगदी सपाट. आत काही जुळलंच नव्हतं. इतके दिवस नुसती चिकटून होती मेली.

वहिनींनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून रोपवाटिका गाठली. बाईने नखाने साल खरवडली. इथे, तिथे, पार टोकापर्यंत. हिरवं कुठेच नव्हतं.

"सफरचंदावर नासपती पालवते, पण टिकत नाही. नवख्यांचं असं होतंच, मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाली. "नासपतीचे खुंट आलेत आता. जुन्या झाडाची ताजी काडी आणा, मीच बांधून देते."

वहिनी ती मेलेली काडी पुन्हा फडक्यात गुंडाळू लागल्या.

"अहो, झाड आहे ना अजून?"

"मीच तोडायला सांगितलं," वहिनी म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकांच्या देखत मटकन खाली बसून हमसून हमसून रडू लागल्या. नवरा गेला तेव्हा दोष द्यायला निदान आजार तरी होता.